हवा किती मारू?

उन्हाळ कांद्याचे दिवस. लासूर स्टेशनला एका पंक्चरच्या दुकानासमोर पिकअप उभी आहे, मागचं डावं चाक काढलेलं, हौदा रिकामा. कांदा दुसऱ्या गाडीत टाकून केव्हाच पुढे गेला. ड्रायव्हर पोरगेला आहे आणि अजून त्याचा आवाज नीट लागलेला नाही. "चाचा, चांगला होता हो टायर, नक्षी बघा की," हे तो तिसऱ्यांदा सांगतो आहे. नक्षी खरंच चांगली आहे, अर्ध्याहून जास्त शिल्लक. चाचा काही बोलत नाहीत. दोन टॉमी घालून ते टायर डिस्कवरून उतरवतात, उभा धरतात, आत हात फिरवतात आणि तळवा पोरापुढे धरतात. तळव्यावर काळी पूड, वारीत कपाळाला लावतात त्या बुक्क्यासारखी. टायरच्या आतल्या अंगाला, कडेच्या जरा वर, गोल फिरलेला एक पट्टा दिसतो. तिथलं रबर झडून दोरे उघडे पडले आहेत.

"हा आज नाही मेला," चाचा म्हणतात. "आज फक्त फुटला."

टायर फुटल्याच्या बातमीत फुटल्याची जागा असते, वेळ असते, गाडी किती कोलांट्या खाऊन कुठे पडली तेही असतं. तो मेला कुठे, हे नसतं. या आढाव्यात शोध घ्यायचा आहे तो त्या दुसऱ्या जागेचा. ती हमरस्त्यावर क्वचितच सापडते. बहुतेक वेळा ती कांद्याच्या चाळीपाशी असते, वजनकाट्यावर असते, नाहीतर अशाच एखाद्या दुकानातल्या हवेच्या नळीच्या टोकाला असते.

मूळ लासूर शिवना नदीच्या काठचं, दाक्षायणी देवीचं. स्टेशनचं गाव आगगाडीनं वाढवलं. निजामाच्या राज्यात १९०० च्या सुमारास मनमाड-हैदराबाद मीटरगेज लाइन आली आणि पोटूळ, लासूर, करंजगाव, परसोडा, रोटेगाव ही नावं वेळापत्रकात चढली. माल बैलगाडीनं स्टेशनात यायचा आणि वॅगनमधून पुढे जायचा. पुढे ट्रक आले, १९८६ मध्ये टाटांची ४०७ आली, २००५ मध्ये 'छोटा हत्ती' आला आणि त्याच्या मागोमाग पिकअपनं गावंच्या गावं काबीज केली. आज गंगापूर-वैजापूर पट्ट्यात कांदा, मका, कापूस आणि खुलताबाद-कन्नडकडची अद्रक उचलायला पहिली गाडी म्हणून पिकअपच बोलावतात. ती शेताच्या बांधापर्यंत जाते, गल्लीत वळते, हप्त्यावर मिळते, आणि सुगी नसली की लग्नाचा मंडप नाहीतर गणपतीसुद्धा वाहते.

या गाडीला टायर चार. साधी गोष्ट आहे, पण सगळं दुखणं इथून सुरू होतं. ४०७ ला मागच्या बाजूला जोडचाकं असतात, एकूण सहा. एक बसलं तर शेजारचं काही काळ तरी भार उचलतं. पिकअपचं मागचं चाक एकटं. ते गेलं की गाडीचा तो कोपरा एकदम खाली जातो, आणि वर ताडपत्रीखाली हौद्याच्या दीडपट उंच माल असेल तर गाडी ओढ घेते त्या बाजूला आडवीही होते. कापसाचं तर विचारूच नका. वजन त्या मानानं कमी, पण जाळी लावून चारही बाजूंनी असा फुगवलेला असतो की मागून पाहिलं तर गाडी दिसतच नाही, चालता कापूस दिसतो.

आता वजनाचा हिशेब. साडेतीन टनांपर्यंत एकूण वजनाची मालगाडी आपल्या नियमांत 'एन-१' गटात बसते. त्यात गाडीचं स्वतःचं वजन पावणेदोन टनांच्या घरात, म्हणजे मालाला उरतात पावणेदोन टन. १.३ टन, १.७ टन असे आकडे तर कंपन्या गाडीच्या नावातच घालतात. कांद्याची गोणी ५० किलोंची धरली तर १.७ टनांत ३४ गोण्या बसतात. पन्नास-साठ गोण्या चढवलेली पिकअप मात्र कुणालाही आठवेल, चौतीसवर थांबलेली आठवायला डोकं खाजवावं लागेल.

साठ गोण्या म्हणजे ३ टन. ढोबळ मांडणी करून बघू. नियमात भरलेल्या गाडीच्या मागच्या दोन चाकांवर मिळून सव्वादोन टन आले, तर एका टायरवर सव्वाअकराशे किलो. टायरच्या अंगावर मापाच्या शेजारी एक आकडा छापलेला असतो, तो त्याची भार वाहण्याची ऐपत सांगतो. १०० म्हणजे ८०० किलो, १०८ म्हणजे १००० किलो, ११२ म्हणजे ११२०. कधी ११२/११० असे दोन आकडे असतात. पहिला एकट्या चाकासाठी, दुसरा जोडचाकासाठी. म्हणजे गाडी बनवणाऱ्यानं टायर अगदी बेतानं, पण बरोबर निवडलेला असतो. त्यावर आणखी १.३ टन टाकले की ते जवळजवळ सगळे मागच्या चाकांवरच जातात. सव्वाअकराशेचा टायर सतराशे किलो उचलू लागतो, म्हणजे दीडपट. रोज, महिनोन् महिने.

गाडी याची तक्रार करते. ती मागून बसते, पुढचे दिवे आभाळाकडे बघू लागतात, स्टिअरिंग हलकं लागतं. ही तक्रार बंद करायचा उपाय प्रत्येक बाजारगावात मिळतो: पाटे वाढवा. कमानीत दोन पाटे जास्त घातले की गाडी बसत नाही आणि मालकाला वाटतं तिची ताकद वाढली. पाटा वाढला, टायर तोच राहिला. गाडी बसणं हा एकच इशारा फुकटात मिळत होता, तो मालकानं पैसे मोजून बंद करून घेतला.

एवढं भरतं कोण? ड्रायव्हरला दोष देणं सोपं. पण भाडं खेपेवर ठरलं की शेतकऱ्याला दोन खेपांचा माल एका खेपेत जायला हवा असतो. भाडं गोणीवर ठरलं की मालकालाच जास्त गोण्या हव्या असतात. हिशेब कसाही धरा, ओझं टायरवर येतं. मोटार वाहन कायद्यात २०१९ मध्ये जी दुरुस्ती झाली, तिच्यानुसार जादा भाराला २०,००० रुपये दंड आणि वर प्रत्येक जादा टनाला २,००० रुपये. शिवाय जादा माल उतरवूनच गाडी सोडायची. कलम १९४ मध्ये दंड फक्त गाडी चालवणाऱ्याला लिहिलेला नाही. जो अशी गाडी चालवायला लावतो किंवा चालवू देतो, त्यालाही तो लागू आहे. पण पावती फाडताना समोर स्टिअरिंगवरचा माणूस असतो. माल ज्याचा, तो त्या वेळी आडत्याच्या गादीवर चहा घेत असतो.

वजनाचं निदान डोळ्यांना दिसतं. हवेचं दिसत नाही, आणि माझ्या मते पिकअपचे टायर वजनानं जेवढे मरतात त्याहून जास्त हवेनं मरतात. कमी हवेनं.

"उन्हाळा आहे, हवा जरा कमीच ठेव" हा सल्ला या भागात बापाकडून मुलाला मिळतो. मुद्दा पटण्यासारखाच आहे. ऊन, डांबर तापलेलं, आतली हवा फुगणार आणि टायर फाटणार. सायकलची ट्यूब उन्हात फाटलेली प्रत्येकानं लहानपणी पाहिलेली असते, त्यामुळे पुरावाही हाताशी असतो. पण हिशेब करून बघा. सकाळी २५ अंशांवर टायरमध्ये ६० पाउंड हवा भरली आणि दुपारी चालून टायरच्या आतली हवा ६० अंशांवर गेली, तर दाब होतो साधारण ६९. नऊ पाउंड वाढले. टायर बनवणाऱ्यानं ही वाढ आधीच धरलेली असते. म्हणूनच दाबाचा आकडा थंड टायरचा लिहितात, म्हणजे गाडी चालण्याआधीचा, किंवा दोन-तीन तास उभी राहिल्यावरचा. धडधाकट टायर नऊ पाउंडांनी फाटत नाही.

कमी हवेचा टायर मात्र वेगळ्याच वाटेनं तापतो. चाक फिरताना टायरचा जो भाग जमिनीला लागतो तो दबतो, बाजू बाहेर फुगते, आणि वर गेला की पुन्हा सरळ होतो. तार एकाच जागी सारखी वाकवत राहिलं की बोटांना चटका बसतो, तसंच हे. पिकअपच्या टायरचा घेर साधारण २.३ मीटर. ताशी ८० च्या वेगाला तो मिनिटाला पावणेसहाशे वेळा फिरतो, तासाला चौतीस हजार वेळा. रबराचा प्रत्येक तुकडा तासाला चौतीस हजार वेळा वाकतो आणि सरळ होतो. हवा पुरेशी असली तर तो थोडा वाकतो, कमी असली तर फार. उष्णता आतून तयार होते, रबराला ती झटकन बाहेर टाकता येत नाही. मग थरांची आपसातली पकड सुटत जाते, दोरे रबराला घासू लागतात आणि आत तो बुक्का साठतो. बाहेरून नक्षी शाबूत दिसते.

म्हणजे उन्हाळ्यात हवा कमी ठेवणारा माणूस ज्याला भितो, तेच ओढवून घेतो. त्याहून वाईट सवय दुसरी आहे. लांब पल्ल्यात मध्ये थांबून टायरला हात लावायचा, चटका बसला की वॉल दाबून हवा सोडायची. टायर गरम झालेला असतो हवा कमी म्हणून, आणि औषध म्हणून ती आणखी कमी केली जाते.

पिकअपवाल्याची एक अडचण मात्र खरी आहे. भरलेल्या गाडीला मागे साठीच्या घरात हवा लागते. तीच गाडी रिकामी परत येताना त्याच हवेवर अशी उडते की पाठीचा खुळखुळा होतो. कंपनी भरल्या आणि रिकाम्या गाडीचे दोन वेगळे आकडे देते, पण दिवसातून दोनदा हवा कमी-जास्त कोण करणार? मग मधला आकडा निघतो, पंचेचाळीस नाहीतर पन्नास, आणि तो रिकाम्या गाडीला जास्त, भरलेल्या गाडीला कमी पडतो. चारही चाकांना 'सारखीच मार' म्हणणारेही काही थोडे नाहीत. पुढच्याला चालणारी हवा मागच्याला कशी पुरेल? शिवाय दुकानात गाडी पोचते ती पाच-दहा किलोमीटर चालून, तापलेली, आणि तिथला काटा कित्येकदा वर्षानुवर्षं तपासलेला नसतो. खिशात मावणारा स्वतःचा हवामापक ठेवणारा पिकअपवाला मला अजून भेटायचा आहे. मोबाइलला काच मात्र सगळ्यांनी बसवलेली असते.

नायट्रोजनबद्दल दोन वाक्यं, त्याहून जास्त त्याची योग्यता नाही. साध्या हवेत ७८ टक्के नायट्रोजन असतोच. शुद्ध नायट्रोजन कोरडा असतो आणि जरा सावकाश गळतो, एवढाच फायदा. दाब कमी असेल तर नायट्रोजनचा टायरही तसाच वाकतो आणि तसाच तापतो.

आता समृद्धी महामार्ग. नागपूर ते शिर्डी हा टप्पा ११ डिसेंबर २०२२ ला सुरू झाला आणि इगतपुरी ते आमणे हा शेवटचा ५ जून २०२५ ला, एकूण ७०१ किलोमीटर. लासूर स्टेशनच्या माणसाला हडस पिंपळगावला चढता येतं. या रस्त्यावर ट्रॅक्टरला बंदी, रिक्षाला बंदी, दुचाकीला बंदी. त्यामुळे शेतातून निघून थेट द्रुतगती मार्गावर जाणारी लहान मालगाडी म्हणून बहुतेक वेळा पिकअपच उरते. जो टायर सकाळी पऱ्हाटीच्या खुंटांवरून आणि बाभळीच्या काट्यांवरून जातो, मुरमाच्या रस्त्यावर कडेनं कापला जातो, तोच संध्याकाळी सिमेंटच्या रस्त्यावर तासन् तास न थांबता पळतो.

जुन्या रस्त्यानं वैजापूर-येवला करत जाताना वेग चाळिशीचा. मध्ये खड्डा, गतिरोधक, म्हशी, चहा. चाळीसच्या वेगाला तेच फेरे तासाला सतरा हजार, आणि दर अर्ध्या तासाला टायरला विसावा. खराब रस्ता टायर कापायचा, पण त्याला थंडही करायचा. समृद्धीवर हा विसावा गेला. मालगाडीला तिथे ताशी ८० ची मर्यादा आहे, गाडीत वेग-नियंत्रकही असतो, पण त्याची वायर कुठे असते हे गॅरेजमधल्या धाकट्या पोरालाही माहीत असतं. सिमेंटचा रस्ता टायर फोडतो असं लोक म्हणतात. मला वाटतं तो फोडत नाही, तो परीक्षा घेतो. आतून मेलेला टायर जुन्या रस्त्यावर आणखी महिना-दोन महिने जिवंत असल्याचं सोंग करू शकला असता, तिथे ते सोंग तासाभरात उघडं पडतं.

रस्ता सुरू झाल्यावर पहिल्या काही महिन्यांत टायर फुटण्याच्या बातम्या इतक्या आल्या की २०२३ मध्ये परिवहन विभागानं समृद्धीवर चढणाऱ्या गाड्यांचे टायर तपासायला सुरुवात केली. घासलेले टायर दिसले की गाडी परत. चांगलं झालं. पण तपासणारा बघतो नक्षी, कारण तीच दिसते. नियमही नक्षीचाच आहे: केंद्रीय मोटार वाहन नियम ९४ प्रमाणे दुचाकी-तिचाकीला ०.८ मिलिमीटर आणि बाकी गाड्यांना १.६ मिलिमीटर खोली उरलेली हवी. नक्षीच्या घळीत मधूनमधून बारीक आडवे उंचवटे असतात. रबर झिजून त्यांच्या बरोबरीला आलं की टायरचे दिवस भरले. गोटा टायर पावसाळ्यात घसरतो, त्याला खिळा-काटा लवकर लागतो, तो काढायलाच हवा. पण चाचांनी उतरवलेला तो टायर या तपासणीत सहज पास झाला असता.

'टायर फुटला' या दोन शब्दांनाही एक आयुष्य आहे. १ जुलै २०२३ च्या मध्यरात्रीनंतर सिंदखेड राजाजवळ समृद्धीवर नागपूरहून पुण्याला निघालेल्या खासगी बसनं पेट घेतला आणि २५ प्रवासी गेले. टायर फुटला, असं चालकानं सांगितलं. परिवहन विभागाच्या पाहणीत रस्त्यावर ना रबराचे तुकडे सापडले, ना फुटलेल्या टायरची खूण. त्या एका अपघाताचं जे काही असेल ते असो. 'टायर फुटला' म्हटलं की दोष कुणाचाच उरत नाही, हे मात्र आपल्याकडे सगळ्यांना पाठ आहे. वीज पडावी, तसा टायर फुटतो.

मुंबई उच्च न्यायालयानं २०२३ मध्ये नेमकं हेच मोडून काढलं. पुण्याहून मुंबईला जाणाऱ्या मोटारीचा २५ ऑक्टोबर २०१० ला अपघात झाला होता. मागचा टायर फुटला, गाडी खड्ड्यात गेली, एकाचा जीव गेला. कुटुंबाला सव्वा कोटीच्या आसपास भरपाई मंजूर झाली. विमा कंपनी अपिलात गेली आणि म्हणाली, टायर फुटणं ही देवाची करणी. न्यायमूर्ती एस. जी. डिगे यांनी ते मानलं नाही. टायर फुटतो तो वेगानं, कमी किंवा जास्त हवेनं, जुना टायर वापरल्यानं, तापमानानं. निघण्याआधी टायर बघणं हे गाडी वापरणाऱ्याचं काम, म्हणून हा निष्काळजीपणाच, असं ते म्हणाले. हा निकाल प्रत्येक पंक्चरच्या दुकानात, देवाच्या फोटोच्या शेजारी, चौकटीत लावावा असा आहे.

बाहेरच्या जगात यावर मोठी खळबळ झाली ती अमेरिकेत, आणि तिथेही मुख्य पात्र उंच बांध्याची गाडीच होती. फोर्ड कंपनीच्या एक्स्प्लोरर गाड्यांना आणि काही पिकअपना बसवलेल्या फायरस्टोन टायरची नक्षी धावता धावता पट्ट्यासकट सोलून निघायची आणि गाडी उलटायची. ऑगस्ट २००० मध्ये ६५ लाख टायर परत बोलावले गेले. तिथल्या वाहतूक सुरक्षा यंत्रणेनं या टायरशी जोडलेल्या २७१ मृत्यूंची नोंद केली. टायरवाले म्हणाले गाडीची घडण चुकली, गाडीवाले म्हणाले टायर चुकला, आणि शंभर वर्षांच्या जवळपास चाललेली सोयरीक मोडली. पण त्या भांडणातले तपशील लासूरच्या माणसाला ओळखीचे वाटतील. अपघात जास्त झाले ते टेक्सास, फ्लोरिडा, ॲरिझोना अशा तापत्या राज्यांत. फोर्डनं त्या टायरला हवा सांगितली होती २६ पाउंड, गाडीचे हादरे कमी व्हावेत आणि ती उलटू नये म्हणून. फायरस्टोनचं म्हणणं, ३० हवी होती. ऊन, वेग, ओझं आणि जरा कमी हवा.

त्यातून निघालेल्या कायद्यामुळे २००७ च्या सप्टेंबरपासून तिथे प्रत्येक नव्या हलक्या गाडीत, पिकअपसकट, हवा कमी झाली की दिवा लावणारं यंत्र सक्तीचं झालं. आपल्याकडे ते काही मोटारींत मिळतं. ज्या गाडीला सगळ्यात जास्त गरज, तिच्यात नाही. वॉलच्या टोपीसारखं फिरवून बसवायचं तसं यंत्र बाहेर विकत मिळतं आणि पिकअपच्या एका टायरच्या किमतीपेक्षा स्वस्त पडतं. पण ते लावलेली पिकअप दिसली तर मला कळवा.

इंग्लंडमध्ये भांडण वयावरून झालं. १० सप्टेंबर २०१२ ला एका संगीत महोत्सवाहून परतणाऱ्या बसचा पुढचा टायर फुटला, तिघे गेले. टायरची नक्षी उत्तम होती आणि वय १९ वर्षं. एका मृत मुलाच्या आईनं वर्षानुवर्षं पाठपुरावा केला आणि १ फेब्रुवारी २०२१ पासून दहा वर्षांवरचे टायर ट्रक-बसच्या पुढच्या चाकांना बंद झाले. मिनीबसच्या बाबतीत तर सगळ्या एकट्या चाकांना. एकटं चाक वेगळं मोजायचं, ही समज त्या कायद्यात आहे.

आपल्या नियम ९४ मध्ये खोली आहे, वय नाही. वय शोधायचं तर टायरच्या अंगावर लंबगोल चौकटीतले चार आकडे वाचावे लागतात. १८१७ म्हणजे २०१७ सालचा अठरावा आठवडा. दुकानात नवा म्हणून मिळणारा टायर दोन-तीन वर्षं गोदामात पडलेला असू शकतो, आणि ते सांगणारी एवढी एकच खूण टायरवर असते. ती चिखलाखाली असते किंवा टायर असा बसवलेला असतो की आकडे आतल्या बाजूला जातात. पालथं पडून बघणारा गिऱ्हाईक दुर्मीळ.

जुन्या टायरचा बाजार गावात का टिकतो, याचं कारण आपल्या काटकसरीत आहे. आपल्याकडे टायर टाकून देत नाहीत. पिकअपवरून उतरला की ट्रॉलीला जातो, ट्रॉलीवरून बैलगाडीला, मग त्याचा झोका होतो, गोठ्यातली वैरणीची पाटी होते, शेवटी होळीत किंवा गुऱ्हाळाच्या भट्टीत जातो. बैलगाडीला तो चालतो, कारण बैल ताशी ८० नं पळत नाही. अडचण होते ती हा प्रवास उलटा सुरू झाला की. कुणाच्या तरी गाडीवरून उतरलेला टायर 'अजून चांगला आहे' म्हणून दुसऱ्याच्या पिकअपवर चढतो. रिमोल्डचंही तसंच. मुळात रिमोल्ड वाईट नाही. सांगाडा तपासून, नीट यंत्रावर चढवलेलं रबर जगभर ट्रकवर चालतं. पण मेलेल्या सांगाड्यावर नवी नक्षी चढवली की मढ्याला नवरदेवाचा पोशाख होतो. ते नुसत्या डोळ्यांनी ओळखायला चाचांचा हात लागतो.

आणि पासिंग. मालवाहू गाडीला आठ वर्षांची होईपर्यंत दर दोन वर्षांनी आणि पुढे दर वर्षी तंदुरुस्तीचा दाखला घ्यावा लागतो. त्या दिवशी गाडीला चांगले टायर असतात. संध्याकाळी ते ज्याचे त्याला परत जातात. लग्नात मागून आणलेल्या दागिन्यांसारखं हे सगळ्यांना माहीत असतं, कुणी बोलत नाही.

गंमत म्हणजे ज्या गंगापूर तालुक्यात लासूर स्टेशन आहे, त्याच तालुक्यातल्या वाळूजला गुडइयरचा टायरचा कारखाना आहे. तिथे रबराचा थर कणभर सरकला तरी टायर बाजूला काढतात. तिथून निघालेल्या मोटारीच्या टायरला जगभरात कुठेही जाऊन आपली इज्जत राखता येते. तालुक्याच्या दुसऱ्या टोकाला आपण टायरला पाय मारून बघतो. आवाज 'ठण्ण' आला की झाली तपासणी.

हौद्यातल्या माणसांबद्दल थोडं. कापूस वेचणाऱ्या बाया, कांदे कापणाऱ्या टोळ्या, वऱ्हाड, जत्रेला निघालेली भावकी, सगळी पिकअपच्या हौद्यात उभी असतात. कांद्याची गोणी गाडी कलंडली तरी कण्हत नाही. ११ ऑगस्ट २०२५ ला पुणे जिल्ह्यात खेड तालुक्यातल्या कुंडेश्वराला निघालेल्या महिलांची पिकअप चढावर मागे येऊन दरीत गेली. तिथे टायरचा प्रश्न नव्हता. पण चार चाकांच्या मालगाडीत एवढी माणसं उभी केली की कुठलाही छोटा बिघाड छोटा राहत नाही. माणसं घेतलेल्या गाडीत ड्रायव्हर हवा आणखी कमी ठेवतो, हादरे बसू नयेत म्हणून. मायेपोटी.

टायर फुटलाच तर काय करायचं, हे लायसनच्या वर्गात एका वाक्यात उरकतात. आवाज होतो, गाडी एका बाजूला खेचते आणि पाय आपोआप ब्रेककडे जातो. तो जाऊ द्यायचा नाही. स्टिअरिंग दोन्ही हातांनी घट्ट, ॲक्सिलरेटर हळूहळू सोडायचा, वेग आपोआप उतरू द्यायचा, मग कडेला. भरल्या पिकअपनं फुटल्या टायरवर जोरात ब्रेक मारला की पुढचं काम फक्त क्रेनचं. त्या पोराला हे कुणी शिकवलं होतं का, विचारलं. म्हणाला, "नाही. घाबरून पायच हलला नाही." तेवढ्यानं वाचला.

दुकानात तोवर दुसरा टायर निघाला आहे, कोपऱ्यातल्या ढिगातून. नव्याला पैसे नाहीत, मालक फोन उचलत नाही, रात्री वाशीची खेप आहे. चाचा टायर फिरवतात, ओल्या फडक्यानं बाजू पुसतात, चार आकडे वाचतात आणि पोराला दाखवतात. ४११९. पोरगा बोटांवर वर्षं मोजतो, मोजून झाल्यावर मान दुसरीकडे वळवतो. टायर डिस्कवर चढतो, कॉम्प्रेसर धडधडायला लागतो. चाचा नळी वॉलवर धरून विचारतात, "किती मारू?"

"मारा की नेहमीची."

"कांदा किती भरणार?"

पोरगा हसतो. "नेहमीचाच."